पर्वतीय चहा

(ग्री. त्साई तू वूनू, तु. दाअ चायी, अल्बे. चाय माली, क्रीट बेटावरील नाव मालोतिरा, लॅ. सिडेरिटिस प्रजाती, कुल–लॅमिएसी). ग्रीस, अल्बेनिया, उत्तर मॅसिडोनिया, बल्गेरिया, तुर्कस्तान इ. देशांच्या डोंगराळ भागांत सिडेरिटिस या वनस्पतिप्रजातीतील काही जातींच्या फुलोऱ्यासह वाळविलेल्या दांड्या पाण्यात उकळून एक सुगंधी पेय तयार करतात. हे पेय आणि ते जिच्यापासून करतात ती वनस्पती या दोहोंनाही पर्वतीय चहा म्हणतात. नेहमीच्या चहाशी (कॅमेलिया सायनेन्सिस) या वनस्पतीचे कोणतेही नाते नाही. ती तुळस, पुदिना, सब्जा यांच्या कुलातील (लॅमिएसी, जुने नाव लॅबिएटी) असून तिच्यात कॅफीन नसते. पडसे, खोकला, घशाची खवखव व पोटाच्या किरकोळ तक्रारी यांवरील घरगुती उपाय म्हणून आणि रात्रीच्या जेवणानंतरचे शांतविणारे पेय म्हणून बाल्कन प्रदेशात त्यास फार मान आहे. उंचावरील कुरणांत उन्हाळा काढणाऱ्या मेंढपाळांच्या हाताशी ही वनस्पती सहज असल्याने त्यास मेंढपाळांचा चहा असेही म्हटले जाते.

‘त्साई’, ‘चाय’ व मराठीतील ‘चहा’ हे सर्व शब्द मूळ चिनी ‘चा’ या शब्दाकडे जातात. चिनी चहा भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वी या वनस्पतीला तेथील लोक चहा म्हणत असणे शक्य नव्हते. तेव्हा पेय जुने, पण त्याचे आजचे नाव मात्र नंतरचे आहे. क्रीट बेटावर रूढ असलेला ‘मालोतिरा’ हा शब्द या दृष्टीने लक्षणीय आहे. तेराव्या ते सतराव्या शतकापर्यंत क्रीट व्हेनिसच्या सत्तेखाली होते. या काळात ‘आजार’ व ‘ओढून काढणे’ अशा अर्थांच्या दोन इटालियन शब्दांपासून तो बनला, असे तेथे सांगतात. ही लोकव्युत्पत्ती असण्याचा संभव अधिक वाटतो. तथापि दुखणे ओढून काढणारी वनस्पती अशी तिची ख्याती होती, हे त्यावरून दिसते.

प्रजातीचे शास्त्रीय नाव ‘लोखंड’ या अर्थाच्या ‘सिडेरोस’ या ग्रीक शब्दावरून आले आहे. लोखंडी शस्त्रांनी झालेल्या जखमा भरून आणणाऱ्या वनस्पतींना प्राचीन ग्रीक ‘सिडेरिटिस’ म्हणत. इ. स. पहिल्या शतकातील वैद्य डायॉस्कोरिडीझ यांनी आपल्या औषधिविषयक पंचखंडात्मक ग्रंथात या नावाखाली एकाहून अधिक वनस्पती वर्णिल्या आहेत. त्या सर्व आजच्या या प्रजातीतीलच होत्या असे मानता येत नाही, कारण प्राचीन काळी नाव देताना वनस्पतीच्या घडणीपेक्षा तिच्या उपयोगाकडे अधिक लक्ष दिले जाई. कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये हेच नाव प्रजातीस कायम केले. म्हणून ‘दोन हजार वर्षे चालत आलेला चहा’ असे जे विक्रेते सांगतात, त्याला डायॉस्कोरिडीझ यांचा आधार पुरेसा नाही. ते सांगतात ते जखमेविषयी, पेल्यातील पेयाविषयी नव्हे. नावावरून होणारा दुसरा गैरसमज असा की, या चहात लोह भरपूर असते. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. पॉलिफिनॉल द्रव्ये असलेली पेये जेवणाबरोबर घेतल्यास अन्नातील लोहाचे शोषण कमी होते व हा चहा त्याच वर्गात मोडतो.

प्रसार व जाती : प्रजातीत सुमारे १५० जाती असून त्यांचा प्रसार पश्चिमेस कानेरी व मादीरा बेटांपासून पूर्वेस पश्चिम आशियापर्यंत आहे. स्पेन व तुर्कस्तान हे देश जातींच्या दृष्टीने विशेष संपन्न आहेत. तुर्कस्तानात चाळीसहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक प्रदेशनिष्ठ (अन्यत्र न आढळणाऱ्या) आहेत. महाराष्ट्रात ही वनस्पती आढळत नाही.

पेयासाठी वापरल्या जाणाऱ्या बाल्कन जाती बहुधा एक हजार मी.हून अधिक उंचीवर, चुनखडकाच्या उघड्या उतारांवर व खडकांच्या भेगांत वाढतात. एकेका पर्वताची स्वतःची जात किंवा प्रकार असल्याने चहाची नावेही पर्वतांवरून पडली आहेत. सि. स्कार्डिका ही जात ऑलिंपस पर्वतावरील चहा म्हणून ग्रीसमध्ये ओळखली जाते. तिचे जातिनाम उत्तर मॅसिडोनिया व कोसोव्हो यांच्या सीमेवरील शार पर्वताच्या ‘स्कार्डस’ या प्राचीन नावावरून दिलेले आहे, तर बल्गेरियातील ऱ्होडोपी पर्वतरांगेत मुर्सालित्सा या भागावरून तिलाच ‘मुर्साल्स्की चाय’ म्हणतात. सि. रेसेरी ही पार्नॅसस पर्वतावर व अल्बेनियात, सि. क्लँडेस्टिना ही पेलोपनीसमधील टायगेटस पर्वतावर, सि. सिरिआका ही क्रीटच्या पर्वतांवर व सि. युबीआ ही युबीआ बेटावर आढळते. मठांसाठी प्रसिद्ध असलेल्या अ‍ॅथॉस पर्वताचे नाव सि. अ‍ॅथोआ या जातीस मिळाले आहे. चवीत व वासात या जातींमध्ये फरक असतो आणि प्रत्येक गावाला आपल्याच डोंगरावरचा चहा श्रेष्ठ वाटतो.

वर्णन : वनस्पती बहुवर्षायू असून तिचा तळाचा भाग काष्ठमय असतो. त्यापासून निघणाऱ्या सरळ, बहुधा शाखाहीन दांड्या सर्वसाधारणपणे २० ते ४० सेंमी. उंच वाढतात. सर्व भागांवर दाट, पांढरट लोकरीसारखी लव असते. तीमुळे झाड दुरून करडे दिसते. ही लव कडक ऊन परावर्तित करते आणि कोरड्या वाऱ्यात पानांतील पाणी उडून जाऊ देत नाही. तिच्याबरोबरच असलेल्या प्रपिंडीय (ग्रंथियुक्त) केसांत सुगंधी तेल असते. पाने साधी, समोरासमोर, लांबट व जाडसर असतात. फुले दांडीच्या टोकाकडे मंडलांनी येतात व प्रत्येक मंडलाखाली रुंद, टोकदार छदांची जोडी वाटीसारखी असते. पुष्पमुकुट लहान, फिकट पिवळा व द्व्योष्ठक (दोन ओठांसारखा) असून केसरदले व किंजल ही दोन्ही पुष्पमुकुटाच्या नळीतच दडलेली असतात. तुळशीच्या फुलात केसरदले बाहेर डोकावतात, त्याहून हे लक्षण वेगळे व प्रजातीच्या ओळखीस उपयुक्त आहे. परागण मधमाश्यांकडून होते. फळात चार लहान कपालिका असतात.

संकलन व पेय : फुले उमललेली असताना, म्हणजे साधारणपणे जुलै–ऑगस्टमध्ये, दांड्या कापून घेतात. त्यांच्या जुड्या बांधून त्या सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी उलट्या टांगतात. उन्हात वाळविल्यास रंग उडतो व सुगंध कमी होतो. बहुतेक औषधी वनस्पती बाजारात चुरा करून येतात. हा चहा मात्र अजूनही पुष्कळदा अख्ख्या दांड्यांच्या जुड्यांनीच विकला जातो. ही पद्धत ग्राहकाच्या हिताची आहे. करडी पाने, वाटीसारखे छद व मंडलांची रचना डोळ्यांना दिसत असल्याने भेसळ करणे अवघड जाते. पुडीतील चुऱ्यात ही सोय राहत नाही.

पेय करण्याची रीत साधी आहे. एका पेल्यासाठी दोन-तीन दांड्या हाताने मोडून, फुले-पाने-दांडी यांसकट पाण्यात टाकतात व पाणी काही मिनिटे उकळू देतात. नंतर भांडे झाकून पाच-दहा मिनिटे ठेवतात व गाळून घेतात. नेहमीच्या चहाची पत्ती फार उकळली, तर तो कडवट होतो. येथे तशी भीती नसते. दांड्या व लवदार पाने यांतून अर्क उतरण्यास वेळ लागत असल्याने केवळ गरम पाणी ओतण्यापेक्षा उकळणेच लोक पसंत करतात. पाणी पिवळसर सोनेरी होते. चव सौम्य, किंचित गोडसर व मातकट असते. दूध घालत नाहीत. हिवाळ्यात मध व लिंबू, क्वचित दालचिनी घालून ते गरम पितात. उन्हाळ्यात थंड करूनही घेतात. रात्रीच्या जेवणानंतर घरातील मंडळी एकत्र बसून ते घेतात. आजारी माणसासाठी मात्र ते दिवसातून दोन-तीन वेळा केले जाते.

पारंपरिक उपयोग : पडसे व खोकला यांवरील उपयोग सर्वत्र सारखा आहे. महाराष्ट्रात पडशावर तुळस, आले व गवती चहा यांचा काढा जसा घराघरांत देतात, तसेच तेथे या चहाचे स्थान आहे. वैद्याला विचारण्यापूर्वी चुलीवर भांडे चढते. युनानी वैद्यकात खोकल्यावर वापरला जाणारा जूफाही याच कुलातील आहे. अपचन, पोट फुगणे व पोटातील मुरडा यांवर तो जेवणानंतर देतात. स्पेनमध्ये प्रजातीतील अन्य जातींचा काढा पोटाच्या विकारांवर पिण्यासाठी व जखमा धुण्यासाठी वापरीत आले आहेत, म्हणजे प्राचीन नावातील अर्थ तेथे काही प्रमाणात टिकून राहिला आहे. मन अस्वस्थ असताना व झोप येत नसताना तो घेण्याची चालही जुनी आहे. बल्गेरियात तो पुरुषत्व वाढविणारा म्हणून प्रसिद्धीस आला असला, तरी या समजुतीस माणसांवरील विश्वसनीय प्रयोगांचा आधार नाही; विक्रीस मात्र तिचा हातभार लागला आहे.

एकच नाव अनेक वनस्पतींना लागू होणे ही या विषयातील व्यावहारिक अडचण आहे. तुर्कस्तानच्या बाजारात ‘आदा चायी’ (बेटावरचा चहा) या नावाने कोठे सिडेरिटिस, तर कोठे साल्व्हिया प्रजातीतील सेज ही वनस्पती मिळते. सेजच्या काही जातींच्या तेलात थुजोन हे द्रव्य असते व ते मोठ्या मात्रेत मज्जासंस्थेस अपायकारक आहे. त्यामुळे सेज रोज अनेक पेले पिण्याजोगा नाही. सिडेरिटिसविषयी जे अनुभव सांगितले जातात ते सेजला लावणे म्हणूनच धोक्याचे ठरते. उत्तर अमेरिकेत ‘पर्वतीय चहा’ हे नाव गॉल्थेरिया या अगदी भिन्न कुलातील झुडपालाही दिले जाते.

रासायनिक घटक व गुण : वनस्पतीत फ्लॅव्होनॉइडे, व्हर्बॅस्कोसाइडासारखी फिनिलएथॅनॉइड ग्लायकोसाइडे व क्लोरोजेनिक अम्ल ही पॉलिफिनॉल वर्गातील द्रव्ये प्रमुख आहेत. यांशिवाय काही जातींत डायटर्पिने असतात. बाष्पनशील (उडून जाणाऱ्या) तेलाचे प्रमाण अल्प असून त्यात पायनीन, कॅरिओफायलीन इ. घटक आढळतात. प्रयोगशाळेत या अर्कांचे ऑक्सिडीकरणरोधक, दाहशामक व काही सूक्ष्मजंतूंची वाढ रोखणारे परिणाम दिसले आहेत. परंतु परीक्षानळीतील अर्क व पेल्यातील पाणी यांत मोठे अंतर असते, हे येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. प्रयोगात वापरलेला अर्क पुष्कळदा अल्कोहॉलाने काढलेला व संहत असतो. शिवाय पोटात गेलेल्या पॉलिफिनॉलांपैकी थोडाच भाग रक्तात जातो.

युरोपीय औषध संस्थेच्या वनौषधिविषयक समितीने २०१६ मध्ये सि. स्कार्डिका, सि. क्लँडेस्टिना, सि. रेसेरी व सि. सिरिआका या चार जातींच्या चहास पारंपरिक औषध म्हणून मान्यता दिली. मान्यता दोनच कारणांसाठी आहे : सर्दीबरोबर येणारा खोकला आणि पोटाची सौम्य अस्वस्थता. ही मान्यता कोणत्या प्रकारची आहे ते समजून घेतले पाहिजे. निदान तीस वर्षे सुरक्षितपणे वापर झाला आहे व उपयोग संभाव्य वाटतो, एवढ्यावर ती दिली जाते. रुग्णांवरील काटेकोर चाचण्यांनी गुण सिद्ध झाला, असा तिचा अर्थ नाही. वैद्यकीय देखरेखीशिवाय घेता येईल अशा किरकोळ तक्रारींपुरतीच ती असते.

मनावरील शामक परिणामाकडे अलीकडे संशोधकांचे लक्ष गेले आहे. सि. स्कार्डिकाचा अर्क सेरोटोनीन, डोपामीन व नॉरॲड्रेनॅलीन या तंत्रिका-संदेशवाहक द्रव्यांचे कोशिकांत परत शोषले जाणे मंदावतो, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. अल्झायमर रोगाच्या संशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या उंदरांना या प्रजातीचे अर्क दिल्यावर त्यांची स्मृती सुधारल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले व जर्मनीत त्यास बरीच प्रसिद्धी मिळाली. इंग्लंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ५० ते ७० वर्षे वयाच्या सुमारे दीडशे निरोगी व्यक्तींचा समावेश होता. यांपैकी काहींना २८ दिवस अर्क देण्यात आला. अधिक मात्रा घेणाऱ्यांत चिंतेची भावना थोडी कमी झाली व लक्ष देण्याच्या काही कसोट्यांत चुका कमी झाल्या. हे निष्कर्ष आशादायक आहेत. पण चाचणी एक, मुदत अल्प आणि दिलेला पदार्थ चहा नसून मोजून भरलेला अर्क होता. स्मृतिभ्रंश या चहाने टळतो किंवा बरा होतो, असे म्हणण्यास आज आधार नाही. अशा रोग्याच्या घरी या आशेने चहा आणला जातो, त्यात वाईट काही नाही. तपासणी व उपचार त्यासाठी लांबणीवर टाकले जातात, तेव्हा मात्र नुकसान होते.

मग पिढ्यान्‌पिढ्या लोकांना जो आराम वाटत आला तो खोटा मानावा काय? तसे मानण्याचे कारण नाही. कोणतेही गरम पेय घशास ओलावा देते, कफ पातळ होण्यास साहाय्य करते व वाफेमुळे नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. मधाने खोकल्याची ढास कमी होते. रात्री कॅफीनयुक्त पेयाऐवजी हे घेतले की, झोपेत येणारा एक अडथळा आपोआप दूर होतो. या सर्वांत वनस्पतीच्या द्रव्यांचा वाटा किती व उष्णतेचा, मधाचा आणि विश्रांतीचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. आरामाची अपेक्षा करणाऱ्याला ते वेगळे काढण्याची निकडही नसते. ती असते ती गंभीर रोगावर औषध म्हणून त्याची शिफारस करणाऱ्याला.

बेताने घेतलेला हा चहा प्रौढांस सामान्यतः निर्धोक आहे. पुरेशी माहिती नसल्यामुळे १८ वर्षांखालील मुलांना व गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना तो औषध म्हणून देण्याची शिफारस वरील समितीने केलेली नाही. पुदिन्याच्या कुलातील वनस्पतींची अधिहृषता (अ‍ॅलर्जी) असणाऱ्यांनी तो टाळावा. खोकल्याबरोबर ताप, धाप किंवा पूमिश्रित कफ असल्यास काढ्यावर अवलंबून न राहता वैद्याकडे जावे. रक्तक्षयाच्या रुग्णांनी तो जेवणाबरोबर न घेता मध्ये काही अंतर ठेवून घेणे बरे.

संरक्षण व लागवड : कीर्ती वाढली तसा डोंगरावरील झाडांवरचा भार वाढला. घरापुरती जुडी कापणारा मेंढपाळ झाडाचा तळ शाबूत ठेवी आणि पुढील वर्षी त्याच बुंध्यातून नवी दांडी येई. विक्रीसाठी घाईने गोळा करणारे दांडी ओढतात. खडकाच्या भेगेतील उथळ मातीत मुळांसकट झाड हाती येते. शिवाय संकलन नेमके फुलोऱ्याच्या वेळी होत असल्याने बी पडत नाही. एकेका पर्वतापुरताच प्रसार असलेल्या जातींची यामुळे भरून न येणारी हानी होते. सि. स्कार्डिकाचा अंतर्भाव बल्गेरियाच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या ‘लाल पुस्तका’त करण्यात आला असून तेथे तिला कायद्याचे संरक्षण आहे. ग्रीसमधील काही वनक्षेत्रांत केवळ घरगुती गरजेपुरत्या दांड्या धारदार हत्याराने कापण्यास परवानगी असते. उपटण्यास मनाई आहे.

यावर खरा उपाय लागवडीतून निघाला. ग्रीसमध्ये थेसाली व अन्य डोंगराळ भागांत, तसेच अल्बेनियात आणि बल्गेरियात ऱ्होडोपी पर्वतातील त्रिग्राद गावाच्या परिसरात या चहाची शेती केली जाते. बियांची उगवण कमी होत असल्याने रोपे तयार करून किंवा बुंध्याचे भाग करून लावतात. पाण्याचा निचरा होणारी, चुन्याचे प्रमाण असलेली हलकी जमीन व भरपूर ऊन लागते. पाणी साचल्यास मुळे कुजतात. इतर पिकांना निरुपयोगी असलेल्या उंचावरील खडकाळ जमिनीस त्यामुळे मोल आले आहे. बहुधा दुसऱ्या वर्षापासून दांड्या कापण्याजोग्या होतात व एकदा लावलेले पीक काही वर्षे उत्पन्न देते. शेतात वेगवेगळ्या जाती शेजारी लावल्यास त्यांचा सहज संकर होतो. त्यामुळे लागवडीतील माल पुष्कळदा संकरित असतो आणि जुडीवर लिहिलेल्या पर्वताचे नाव व आतील जात यांचा मेळ बसेलच असे नाही. ज्या शेतकऱ्यांना आपल्या डोंगराचीच जात राखावयाची असते, ते त्याच डोंगरावरील बियांपासून रोपे करतात व अन्य जातींची शेते दूर ठेवतात.